व्यासपीठावर न पुकारलेलं नाव

डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनांची धांदल उडते. कुणाच्या मुलीला नऊवारी हवी असते, कुणाच्या मुलाला फेटा. पिना, गजरे, इस्त्री यांत आठवडा कसा जातो ते कळत नाही. शेवटच्या दिवशी असतो बक्षीससमारंभ. त्या दिवशी आपण आया पोळी-भाजी लवकर आटोपतो, ठेवणीतली साडी नेसतो आणि पुढच्या रांगेतली खुर्ची धरतो. आपल्या मुलाचं नाव पुकारलं गेलं, की मग काय! वर्षभर भरलेल्या डब्यांचं सार्थक झालं असं वाटतं.

आमच्या थोरलीचं नाव असंच पुकारलं गेलं, ती नववीत असताना. कशासाठी? तर ‘सामाजिक कार्याबद्दल विशेष प्रशस्तिपत्र’. पावसाळ्यात शाळेमागच्या माळावर मुलांनी शंभर झाडं लावली होती. ही तिच्या गटाची प्रमुख. पाहुण्यांनी पाठ थोपटली, फोटो निघाला. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी प्रशस्तिपत्राला चौकट करून आणली आणि बाहेरच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी लावली. शेजारच्या वहिनींनी ते वाचलं, तोंडभर कौतुक केलं आणि जाता जाता हळूच विचारलं, “याचे दहावीला मार्क मिळतात का हो?”

खरं सांगते, मलाही तेच विचारावंसं वाटत होतं.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी लेक शाळेतून आली ती गप्प गप्प. चहासुद्धा घेईना. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “आई, ते प्रशस्तिपत्र काढ ना भिंतीवरनं. शंभरातली चारच झाडं राहिलीत. उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.”

चौकट मी उतरवली नाही, पण त्या दिवसापासून तिच्याकडे पाहिलं की मनात प्रश्न यायला लागले. शाळकरी मुलांची समाजसेवा म्हणजे नेमकं काय? तिचं कौतुक व्हावं ते कसं? आणि दिवसभर घर-स्वयंपाकात असणाऱ्या आपण बायकांनी त्यात काय करायचं? उत्तरं शोधायला लांब जावं लागलं नाही. आपला नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, या बाबतीत फार श्रीमंत आहे.

खाऊ नको, पुस्तकं द्या

आधी एक जुनी गोष्ट सांगते. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिका होण्याचे धडे घेतले ते आपल्या नगरला, मिस फरार यांच्या शाळेत, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. पुढे जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शाळा काढल्या. त्यांतल्या एका शाळेत मुक्ता साळवे नावाची मुलगी होती. वय असेल तेरा-चौदा. आपल्या समाजाला काय काय सोसावं लागतं यावर तिने एक निबंध लिहिला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. हे ‘ज्ञानोदय’ही मूळचं नगरचं बरं का! १८४२ मध्ये ते इथेच सुरू झालं.

मुक्ताच्या निबंधाचं कौतुक झालं, तिला बक्षीस म्हणून खाऊ देऊ केला गेला. तेव्हा ती म्हणाली म्हणे, की आम्हाला खाऊ नको, ग्रंथालय द्या.

केवढीशी पोर! पण बक्षीस कशाला म्हणतात ते तिला बरोबर कळलं होतं. खाऊ खाल्ला की संपला. पुस्तकं मिळाली तर पुढचं काम होणार. मुलांच्या हातून काही चांगलं घडलं तर त्यांना आणखी पुढे काम करता येईल असं काहीतरी हातात द्यावं, हे आपण मोठ्यांनी तिच्याकडून शिकायला हवं. आपण मात्र फुलांचा गुच्छ आणि कागद देऊन मोकळे होतो.

पावसाचा हिशेब ठेवणारी मुलं

नगर शहरापासून साधारण सतरा किलोमीटरवर हिवरे बाजार आहे. नाव तुम्ही ऐकलंच असेल. १९७२ च्या दुष्काळाने या गावाचं कंबरडं मोडलं. विहिरी आटल्या, माणसं कामासाठी बाहेर पडली, गावात दारूच्या भट्ट्या वाढल्या. मास्तरसुद्धा या गावात बदली नको म्हणायचे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने कात टाकायला सुरुवात केली. पहिल्या कामांत शाळेचं काम होतं, तेही श्रमदानातून. मग चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री आली. डोंगरावर चर खणले गेले, बांध घातले गेले. शेतीसाठी विंधनविहिरी घ्यायच्या नाहीत, ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकं लावायची नाहीत, असे कडक नियम गावाने स्वतःच स्वतःला लावून घेतले. २००७ मध्ये गावाला राष्ट्रीय जल पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली.

हे सगळं मोठ्या माणसांचं. पण मला आवडलं ते तिथल्या शाळेचं. पाण्याचा ताळेबंद तिथे मुलांना शिकवला जातो. पर्जन्यमापकात किती पाऊस पडला, विहिरीचं पाणी किती खाली आहे, याच्या नोंदी कशा ठेवायच्या ते त्यांना माहीत असतं. त्या आकड्यांवर गावाची बैठक बसते. यंदा पिण्याला किती, जनावरांना किती आणि उरलं तर शेतीला किती, असा हिशेब मांडला जातो. पाऊस कमी झाला असेल तर पिकं बदलायची. म्हणजे वहीत लिहिलेल्या आकड्याने बापाच्या शेतात काय पेरायचं ते ठरतं!

हा हिशेब आपल्यालाही करता येण्यासारखा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तुमच्या घराची गच्ची दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असेल तर ती झाली ५० चौरस मीटर. हिवरे बाजारला वर्षाकाठी पाऊस पडतो तो ४०० मिलिमीटरच्या आसपास. तेवढाच पाऊस तुमच्या गच्चीवर पडला, तर २० हजार लिटर पाणी झालं. पंधरा लिटरचा हंडा धरला तर तेराशेहून जास्त हंडे! उन्हाळ्यात टँकरमागे धावलेल्या बाईला या आकड्याचं मोल सांगायला नको. पन्हळीखाली टाकी ठेवून त्यातलं निम्मं जरी साठवलं तरी कितीतरी झालं. हे गणित मुलाकडून करून घ्या. पुस्तकातल्या हौदाच्या उदाहरणापेक्षा हा हिशेब त्याच्या जन्मभर लक्षात राहील.

नापासांना बोलावणारी शाळा

पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी तर जगभर गाजलं. अण्णा हजारे १९७५ च्या सुमारास सैन्यातून गावी परतले आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन पाणी अडवण्याचं आणि दारू बंद करण्याचं काम त्यांनी सुरू केलं. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पण आया म्हणून आपण पाहावी ती तिथली शाळा. दुसऱ्या शाळांत नापास झालेल्या, ‘वाया गेलेला’ असा शिक्का बसलेल्या मुलांना तिथे मुद्दाम प्रवेश दिला गेला. वसतिगृह, पहाटे उठून व्यायाम, अभ्यास आणि त्याच्या जोडीला गावचं काम. मुलांनी झाडं नुसती लावायची नाहीत, त्यांची निगाही राखायची.

निगा! आमच्या लेकीच्या शंभर झाडांना मिळाली नव्हती ती हीच.

आपण काय करतो? मुलगा अभ्यासात मागे पडला की पहिलं त्याचं बाहेरचं काम बंद करतो. “आधी मार्क आण, मग कर समाजसेवा!” राळेगणच्या शाळेने नेमकं उलट केलं. ज्याला कुणी काही सोपवत नव्हतं त्याला काहीतरी सोपवलं. आपल्यावाचून एखादं झाड वाळेल, हे कळलं की मुलगा पहाटे उठतो. मार्क कमी पडले की बोलणी बसतात, एवढंच माहीत असलेला मुलगा पांघरूण ओढून घेतो. हा माझा घरचा अनुभव आहे. धाकटा अजून मांजराच्या दुधासाठी उठतो, पण बीजगणितासाठी नाही!

अक्षय तृतीयेच्या आधीचे दिवस

आता जे सांगते ते सांगावं की नाही, असं फार दिवस वाटत होतं. गावाचं, शाळेचं, मुलीचं नाव सांगत नाही. सांगूही नये.

झाडांची ती गोष्ट झाली, त्याच आठवड्यात लेक पुन्हा माझ्याकडे आली. मी कुरडयांचा चीक घोटत होते. “आई, माझी एक मैत्रीण दहावीला येणार नाही म्हणते.” मैत्रीण जवळच्या खेड्यातून एस.टी.ने यायची. आईबाप ऊसतोडीला जाणारे. सहा महिने कारखान्यावर, सहा महिने गावी. मुलगी आजीजवळ राहून शिकत होती. मोठी झालेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरला होता. मुलीला पंधरावं सरत होतं.

“तिने मला सांगितलंय, आई. दुसऱ्या कुणाला सांगू नको म्हणालीय. पण रडत होती. आमच्या शाळेत एकदा ताई आल्या होत्या, त्यांनी १०९८ नंबर सांगितला होता. लावू का?”

मैत्रिणींनो, मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, “आपल्याला काय करायचंय? लोकांच्या घरात नाक खुपसू नकोस. उद्या ते दारात येऊन भांडले तर? बाबांना कळलं तर?” जिच्या प्रशस्तिपत्राची चौकट मी रोज पुसत होते, तिलाच मी हे म्हटलं.

तेवढ्यात सासूबाई मागून बोलल्या. त्या परातीत साबुदाणा निवडत होत्या. “माझं लग्न झालं तेव्हा मी चौदाची होते. परकर नेसून आले होते या घरात. दप्तर माळ्यावर ठेवलं वडिलांनी, म्हणाले नंतर काढू. ते कुणी काढलंच नाही. त्या वेळी एखाद्या पोरीने असं काही केलं असतं तर...” पुढे त्या बोलल्या नाहीत. साबुदाणा निवडत राहिल्या.

मी गॅस बंद केला आणि हात धुतले. फोन लेकीनेच लावला, मी शेजारी बसून राहिले.

हा १०९८ नंबर फुकट आहे आणि दिवसरात्र चालतो. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून ही मुलांसाठीची मदतवाहिनी सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. सांगणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जातं. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा. त्यानुसार लग्नाला मुलगी १८ वर्षांची आणि मुलगा २१ वर्षांचा पूर्ण हवा. खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी. असं लग्न लावणाऱ्याला, जुळवणाऱ्याला, जाणूनबुजून त्यात सामील होणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बायकांना या कायद्याखाली कैद होत नाही, दंड मात्र होऊ शकतो. तेव्हा ‘आम्ही नुसत्या अक्षता टाकायला गेलो होतो’ ही सबब चालत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आता राहिलंय कुठे? राहिलंय. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी शेकडा २२ जणींचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. पाचांतल्या एकीहून जास्त.

पुढे काय झालं? ताई आणि ग्रामसेवक त्या घरी गेले. पोलीसही होते, पण दमदाटी नव्हती. आईबापांना समजावलं, अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न करणार नाही असं हमीपत्र लिहून घेतलं. मुलीची राहायची सोय हा खरा प्रश्न होता. ती वसतिगृहात झाली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती दहावीच्या वर्गात बसली होती. फोन कुणी केला ते तिला माहीत नाही. माझी लेक तिच्याच बाकावर बसते.

एकटी मुलगी पुरत नाही

एका शाळकरी मुलीने फोन केला, हे खरं. पण फोनच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी असावं लागतं. वर्गात येऊन नंबर सांगणारी ताई असावी लागते. आपल्या जिल्ह्यात ही माणसं वर्षानुवर्षं उभी आहेत.

१९८९ मध्ये डॉ. गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी नगरला ‘स्नेहालय’ सुरू केलं. वेश्यावस्तीतल्या मुलांना रात्री सुरक्षित छप्पर मिळावं, इथपासून ते काम वाढत गेलं. बालविवाह रोखण्यासाठी त्यांचा ‘उडान’ नावाचा उपक्रम आहे. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आलं. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा खेड्यातल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं आणि गावचं आरोग्य त्यांच्या हाती सोपवलं. १९७९ मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडच्या या प्रकल्पात किशोरवयीन मुलींचे गट चालतात. शरीराची माहिती, आहार, स्वतःचं रक्षण आणि चारचौघांत बोलण्याचं धैर्य हे सगळं मुली तिथे शिकतात.

या कामांमधलं सारखेपण पाहा. कुणीतरी कुणावर तरी विश्वास टाकला आणि शिकवून, पाठीशी उभं राहून खरं काम दिलं. जामखेड तालुक्यातलंच चौंडी हे अहिल्याबाईंचं जन्मगाव. २०२४ पासून जिल्ह्याला त्यांचंच नाव आहे. १७२५ चा त्यांचा जन्म, त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्न बालपणीच झालं. पण सासरे मल्हारराव होळकर यांनी सुनेला उंबऱ्याआड ठेवलं नाही, कारभार शिकवला. पुढे अठ्ठावीस वर्षं त्यांनी राज्य केलं आणि देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. पोरीबाळींच्या हाती काम दिलं तर काय होतं, त्याचं यापेक्षा मोठं उदाहरण कुठलं?

बक्षिसं आहेत, ती कोणती?

एवढं सांगितल्यावरही बक्षिसांची माहिती हवीच. कौतुक कुणाला नको असतं?

स्काऊट आणि गाईडमध्ये प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या आहेत. एका दिवसात हे मिळत नाही. गाठी मारण्यापासून प्रथमोपचारापर्यंत अनेक गोष्टी शिकाव्या लागतात आणि सेवेची कामं वर्षानुवर्षं करावी लागतात. म्हणूनच मला ते आवडतं. एन.सी.सी., हरित सेना, रस्ता सुरक्षा दल हेही अनेक शाळांत असतं. स्काऊट-गाईड आणि एन.सी.सी.च्या मुलांना दहावीला सवलतीच्या गुणांची सोय आहे. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर शाळेत नीट चौकशी करावी.

केंद्र सरकारचा ‘प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार’ ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. शौर्य, कला, खेळ यांच्याबरोबर समाजसेवा हाही त्यात एक विभाग आहे. २०२४ पासून हे पुरस्कार २६ डिसेंबरला, वीर बाल दिनी, दिले जाऊ लागले. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. आपल्या माहितीतलं एखादं मूल खरोखर त्या योग्यतेचं असेल तर जरूर सुचवावं. मात्र पुरस्कारासाठी काम शोधू नये. आधी काम, मग पुरस्कार. नाहीतर पुन्हा शंभर खड्डे आणि चार झाडं!

आपण आयांनी काय करावं?

• काम लहान द्या, पण पुरं द्या. दहा झाडांपेक्षा एक झाड, तेही तीन उन्हाळे. सुट्टीत मामाच्या गावी जाताना त्या झाडाला पाणी कोण घालणार, हे मुलानेच ठरवून जावं.

• वही घालून द्या. किती पाऊस पडला, गल्लीतला नळ कोणत्या वारी किती वेळ आला, कचऱ्याची गाडी कधी चुकली. महिनाभराच्या नोंदी घेऊन मुलं नगरपालिकेत गेली तर त्यांचं ऐकावं लागतं. नुसती तक्रार आणि तारीखवार नोंद यांत फार फरक आहे.

• अर्ज मुलांना लिहू द्या, आपण फक्त शुद्धलेखन तपासा. सही मुलांची असू द्या. उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र लिहायलाही शिकवा.

• मुलगा-मुलगी भेद नको. श्रमदानाला मुलगा गेला तर ‘शाब्बास’ आणि मुलगी गेली तर ‘उन्हात काळी होशील’, हे आपल्याच तोंडून निघतं. मुलींना उशीर होणार असेल तर बंदी घालण्यापेक्षा आपण आणायला जावं.

• धोक्याचं काम मुलांनी एकट्याने करू नये. बालविवाह थांबवायला मुलीने स्वतः त्या घरी जाऊ नये. १०९८ ला कळवावं, विश्वासाच्या शिक्षिकेला सांगावं, आपण सोबत असावं. आणि केलेल्या फोनची चर्चा हळदीकुंकवात करू नये! आपल्या जिभेने त्या दोन्ही मुली अडचणीत येऊ शकतात.

• अभ्यासाचं काय? आठवड्याचे दोन-तीन तास ठरवून द्यावेत आणि ते पाळावेत. परीक्षेच्या महिन्यात काम दुसऱ्याकडे सोपवायला शिकवावं. सोपवणं हेसुद्धा पुढारीपणच आहे.

टाळ्या

यंदाच्या स्नेहसंमेलनालाही मी गेले होते. सामाजिक कार्याचं प्रशस्तिपत्र दुसऱ्या एका मुलाला मिळालं. माझी लेक मुलींच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती आणि तिच्या शेजारी ती मैत्रीण होती. दोघी कशावरून तरी हसत होत्या. वर व्यासपीठावर पाहुणे बोलत होते, आणि मला वाटलं, माझ्या लेकीचं खरं काम इथे कधीच पुकारलं जाणार नाही. पुकारलं जाऊ नये यातच त्या मैत्रिणीचं भलं आहे. मग त्या कामाची दखल घ्यायची कुणी? ते ज्या घरात झालं त्या घराने. म्हणजे मी.

घरी आल्यावर मी पुरणाचा बेत केला. निमित्त विचारलं तर सांगितलं, “असंच.” लेकीला कळलं. सासूबाईंनाही कळलं, कारण त्यांनी तिच्या ताटात तुपाची धार जरा जास्तच धरली.

मात्र मुक्ता साळवेची गोष्ट मी विसरले नव्हते. नुसता खाऊ देऊन भागायचं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी लेकीला विचारलं, “तुला काय हवं?” तिने फार विचार केला नाही. म्हणाली, “त्या चार झाडांना कुंपण घालायचंय. जाळी आणि बांबू लागतील. आणि मे महिन्यात आठवड्यातनं दोनदा पाणी घालायला तू येशील का माझ्याबरोबर?”

जाळी आणली आहे. कॅलेंडरवर मंगळवार आणि शनिवार यांच्यावर लाल पेनाने खुणा केल्या आहेत. ती चौकट अजून भिंतीवरच आहे. लेक म्हणते, झाडं जगली तर राहू दे.